नहपानाची चांदी आली कुठून? समस्थानिकांवरून नाण्याचा माग काढताना

नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नहपान क्षत्रप या शक राजाची १३,००० हून अधिक नाणी. त्यातल्या दोन-तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारून घेतलेला. कोणी कोणाला हरवलं हे त्या ठशांनीच सांगून टाकलं. पण एवढी चांदी आली कुठून, हे ठसा सांगत नाही. दख्खनच्या काळ्या कातळात चांदीच्या खाणी नाहीत, म्हणजे धातू बाहेरूनच आलेला. अरवलीतल्या दरिबा-अगुचाच्या जुन्या खाणींतून? भडोचच्या बंदरात उतरलेल्या देनारी, म्हणजे रोमन चांदीची नाणी, वितळवून? ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक व्यापारी प्रवासग्रंथात तर भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी येतात आणि स्थानिक नाण्यांशी अदलाबदलीत नफा देतात असं स्पष्ट लिहिलं आहे. की आधीच्या इंडो-ग्रीक नाण्यांचीच मोड गाळून?

असा प्रश्न हातात घेऊन प्रयोगशाळेपर्यंत कसं जायचं, ते पुढे पायरीपायरीने दिलं आहे. उदाहरण नहपानाचं असलं तरी रीत कुठल्याही चांदीच्या नाण्याला तीच.

आधी थोडं गणित, मग नाणं

समस्थानिक म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू. चांदीचे दोनच स्थिर समस्थानिक आहेत: चांदी-१०७ (सुमारे ५१.८ टक्के) आणि चांदी-१०९ (सुमारे ४८.२ टक्के). मोजायचं ते या दोघांचं गुणोत्तर. फरक इतके बारीक असतात की ते दहा हजारांत सांगावे लागतात. त्या एककाला एप्सिलॉन म्हणतात:

एप्सिलॉन = [(नमुन्याचं १०९/१०७ ÷ मानकाचं १०९/१०७) − १] × १०,०००

मानक म्हणजे अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेचं ‘एसआरएम ९७८ए’ हे चांदीचं लवण. त्याचं प्रमाणित १०७/१०९ गुणोत्तर १.०७६३८ आहे. बरेच नवखे इथेच उलटे होतात: प्रमाणपत्रावर १०७/१०९ छापलेलं असतं आणि एप्सिलॉन मात्र १०९/१०७ वर काढायचा असतो. ते उलटवायला विसरलात तर सगळी चिन्हं फिरतात, अधिकाचं उणे होतं, आणि आलेख दिसायला छानच दिसतो. म्हणून ही चूक उशिरा सापडते.

पृथ्वीवर हे गुणोत्तर बदलतंच कशाने? पॅलेडियम-१०७ च्या ऱ्हासातून चांदी-१०७ तयार होते हे खरं, पण त्याचं अर्धायुष्य ६५ लाख वर्षं. सूर्यमालेच्या बाल्यावस्थेतच ते संपलं, त्याचा परिणाम उल्कांमध्ये शोधावा. खाणीतले फरक पाण्यामुळे पडतात. खनिजशिरेचा वरचा भाग हवा-पाण्याने कुजतो, चांदी विरघळते, थोडी खाली झिरपते, पुन्हा बसते, आणि या येरझाऱ्यांत दोन समस्थानिक किंचित वेगळे होतात. खोलवरच्या मूळ खनिजाची मूल्यं बहुतेक उणे एक ते अधिक एक एप्सिलॉन या अरुंद पट्ट्यात असतात. वरच्या कुजलेल्या भागात ती बरीच पसरतात. प्राचीन खाणकरी नेमका तोच वरचा भाग आधी खणत.

यातूनच या पद्धतीची ताकद आणि मर्यादा दोन्ही निघतात. चांदीचा आकडा एकटा ‘ही अमुक खाणीची’ असं जवळजवळ कधीच सांगत नाही, कारण शून्याच्या आसपास फार गर्दी आहे. तो उमेदवार बाद करतो. पत्ता सांगायचं काम शिशाचं.

मग शिसंच मोजावं, चांदी कशाला?

प्राचीन चांदी बहुतेक शिशाच्या खनिजातून, म्हणजे गॅलेनातून काढलेली. शिसं वितळवून राखेच्या मुशीत हवेखाली तापवलं की शिशाची मुरदाडशिंग (शिशाचं ऑक्साइड) होऊन मुशीत जिरते आणि चांदी मागे राहते. त्या चांदीत थोडं शिसं उरतं, कधी ०.१ टक्का, कधी १ टक्का. त्याची चार समस्थानिकं (२०४, २०६, २०७, २०८) खनिजाच्या भूशास्त्रीय वयाप्रमाणे बदलतात. दरिबा आणि अगुचाचं खनिज अब्जावधी वर्षं जुनं, त्याचं २०६/२०४ गुणोत्तर १६ च्या आसपास. स्पेनच्या खाणींचं १८ च्या वर. इतकं अंतर असलं की एका नजरेत कळतं. ख्रि. पू. २०९ मध्ये रोमने कार्थागो नोव्हा जिंकल्यानंतर रोमन नाण्यांत स्पेनची चांदी कशी शिरली, हे शिशानेच दाखवलं.

अडचण अशी की नाण्यातलं शिसं आणि नाण्यातली चांदी एकाच गावची असतील याची खात्री नसते. चांदी पुन्हा शुद्ध करताना कारागीर हाताशी असेल ते शिसं घालतो. आणि दोन चांद्या मिसळल्या की शिसं खोटं बोलतं. हे आकड्यांत पाहा (आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत). ‘अ’ चांदीत शिसं १ टक्का, २०६/२०४ गुणोत्तर १८.५, एप्सिलॉन +०.८. ‘ब’ चांदीत शिसं ०.१ टक्का, गुणोत्तर १६.०, एप्सिलॉन −०.२. दोन्ही निम्मीनिम्मी गाळली. शिशाचं गुणोत्तर येईल सुमारे १८.२७, म्हणजे जवळजवळ ‘अ’च. ‘ब’ची अर्धी चांदी शिशाच्या आलेखात दिसणारच नाही. चांदीचा एप्सिलॉन येईल +०.३, बरोबर मध्यावर. चांदी मोजायची ती एवढ्यासाठी: नाण्यात नव्वद टक्के वजन तिचं असतं आणि मत मात्र एक टक्क्याच्या शिशाला विचारलं जातं.

२०११ साली लिऑनच्या डेसॉल्टी, अल्बारेद आणि सहकाऱ्यांनी ९१ नाण्यांत चांदी, तांबं आणि शिसं तिन्ही मोजून हे दाखवून दिलं. १४९२ पूर्वीची युरोपी चांदी, मेक्सिकोची आणि अँडीजची अशा वेगळ्या ओळखता आल्या. तिसऱ्या फिलिपच्या काळापर्यंत स्पेनच्या नाण्यांत युरोपी चांदीच वरचढ होती. पाचव्या फिलिपनंतर तिची जागा मेक्सिकोच्या चांदीने घेतलेली होती.

पायरी १: परवानगी आणि नाण्यांची निवड

भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. जमिनीत सापडलेला साठा १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. संग्रहालयाच्या नाण्याला छिद्र पाडायचं तर लेखी परवानगी हवीच, आणि नमुना परदेशात पाठवायचा असेल तर तो अर्ज सगळ्यांत आधी टाका.

हात बसवायला जुनं नाणं वापरू नका. १९४० ते १९४५ चा ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया घ्या: ५० टक्के चांदी, ४० तांबं, ५ निकेल, ५ जस्त. जुन्या बाजारात सहज मिळतो, आणि त्यातलं तांबं-जस्त पुढच्या प्रत्येक पायरीवर त्रास देतं. हे शुद्ध करता आलं तर क्षत्रप नाणं सोपं वाटेल.

एका नाण्यावरून निष्कर्ष काढू नका. एका राजाची, शक्यतो एका साच्यातली नसलेली, पंधरा-वीस नाणी घ्या. पुन्हा ठसवलेल्या नाण्यांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: ठसा मारताना धातू तापतो, दबतो, पण वितळत नाही. त्यामुळे सातकर्णीचा ठसा असलेलं जोगलटेंभीचं नाणं चांदीच्या हिशेबात नहपानाचंच. तक्त्यात ‘ठसा कोणाचा’ आणि ‘धातू कोणाचा’ असे दोन रकाने ठेवा.

पायरी २: छिद्र पाडण्याआधी

वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो, कडेचाही फोटो. मग विशिष्ट गुरुत्व. शुद्ध चांदी १०.४९, ९० टक्के चांदी आणि बाकी तांबं असेल तर सुमारे १०.३, ७५ टक्क्यांना सुमारे १०.०६. नहपानाचं नाणं साधारण २ ग्रॅमचं, पाण्यात त्याचं वजन जेमतेम ०.१९ ग्रॅमने घटतं. त्यात १ मिलिग्रॅमची चूक झाली तर चांदीच्या टक्केवारीत तीनेक टक्क्यांची चूक होते. म्हणून मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा तराजू घ्या, पाणी उकळून गार केलेलं वापरा आणि नाण्याला चिकटलेले बुडबुडे बारीक ब्रशने काढा. गुरुत्व ९.५ च्या खाली आलं तर आत तांब्याचा गाभा असलेलं मुलामा दिलेलं नाणं असू शकतं.

एक्सआरएफ (क्ष-किरणांनी पृष्ठभागातली मूलद्रव्यं मोजणारं) यंत्राचा आकडा फक्त दिशा समजायला. जुन्या नाण्याच्या पृष्ठभागावरचं तांबं मातीत झिजून गेलेलं असतं, त्यामुळे यंत्र चांदी जास्त दाखवतं. काही टांकसाळींत तर नाणं आम्लात घालून मुद्दाम पांढरं करत.

पायरी ३: नमुना

आपल्याला आतला, न गंजलेला धातू हवा. वरचा थर बहुतेकदा चांदीच्या क्लोराइडचा असतो आणि गंजताना समस्थानिक सरकू शकतात.

दोन ग्रॅमचं, १६ मिलिमीटर व्यासाचं नाणं जाडीला १ मिलिमीटरच्या आतबाहेर असतं. कडेतून आत जायचं तर ०.५ मिलिमीटरचं टंगस्टन कार्बाइडचं ड्रिलचं पातं, त्याहून जाड नको. नाणं टेफ्लॉनचा पत्रा लावलेल्या छोट्या शिकंज्यात धरा. लेख आणि चेहरा यांपासून दूर, कडेचा जाड भाग निवडा. पहिल्या १ मिलिमीटरचा चुरा टाकून द्या, पातं बदला, मग पुढचे ३ मिलिमीटर. हिशेब केला तर साधारण ६ मिलिग्रॅम मिळतात, म्हणजे नाण्याच्या वजनाचा ०.३ टक्का.

वेग कमी ठेवा, तेल अजिबात नको. पातं गरम झालं की चांदी कापली न जाता माखली जाते, भोकाच्या तोंडाचा गंज आत ओढला जातो आणि पातं अडकून मोडतं. दर दहा-पंधरा सेकंदांनी थांबा. प्रत्येक नाण्याला नवं किंवा आम्लात धुतलेलं पातं. चुरा पांढऱ्या कागदावर घेऊ नका, कागदात शिसं असू शकतं. आम्लात धुतलेला प्लास्टिकचा पत्रा चालेल. भिंगाखाली पाहा: चुरा चकचकीत हवा. काळपट, जांभळट कण दिसले तर तो क्लोराइडचा थर आहे, आणखी खोल जावं लागेल.

६ मिलिग्रॅममध्ये शिसं ०.५ टक्का धरलं तरी ३० मायक्रोग्रॅम मिळतं. शिशाच्या मोजणीला याचा अंशही पुरतो आणि चांदी तर मुबलकच. ‘अजून थोडा घेऊ’ हा मोह टाळा.

पायरी ४: विरघळवणं

चुरा इथेनॉलमध्ये धुऊन पूर्ण वाळवा. पूर्ण हा शब्द महत्त्वाचा: इथेनॉल आणि गरम नायट्रिक आम्ल एकत्र आले तर स्फोट होऊ शकतो. क्लोराइड काढायला काहीजण विरळ अमोनिया वापरतात. ते चालतं, पण चांदी आणि अमोनियाचं द्रावण कधीही साठवून ठेवू नका, ते वाळलं की धक्क्यानेही फुटतं. लगेच आम्ल घालून मोडून टाका.

मग ७ मिलिलिटरच्या टेफ्लॉन कुपीत १ मिलिलिटर नायट्रिक आम्ल, तीव्र आम्ल आणि अतिशुद्ध पाणी समसमान. आम्ल दोनदा ऊर्ध्वपातित हवं; सराफाचं तेजाब इथे चालत नाही, त्यातलं शिसं नाण्याच्या शिशात मिसळेल. ८० ते १०० अंशांवर काही तास. सगळं काम धूर खेचणाऱ्या कपाटात.

तळाशी काय उरतं ते नीट पाहा. पांढरा, उजेडात जांभळा पडणारा साका म्हणजे क्लोराइड: घाम, नळाचं पाणी, किंवा नाण्याचा गंज. तो राहिला तर चांदीचा काही भाग द्रावणाबाहेर गेला आणि गुणोत्तरावर विश्वास उरला नाही; नमुना पुन्हा घ्या. पांढराच पण उजेडात न बदलणारा साका कथलाचा असू शकतो. काळे-तपकिरी कण दिसले तर खूश व्हा, ते सोनं आहे. नायट्रिक आम्लात सोनं विरघळत नाही आणि मुशीतही ते चांदीसोबतच राहतं. सोन्याचं चांदीशी प्रमाण हा खनिजाचा स्वतंत्र पुरावा, म्हणून ते कण वेगळे काढून अम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवा आणि मोजा.

द्रावणाचे तीन भाग करा: एक तांबं, बिस्मथ यांसारख्या इतर मूलद्रव्यांसाठी, एक शिशासाठी, एक चांदीसाठी.

पायरी ५: चांदी वेगळी काढणं

हा सगळ्यांत नाजूक भाग. मोजणी प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूत होते, आणि तो वायू आर्गॉनचा. आर्गॉन-४० इतर अणूंना चिकटून खोटी वस्तुमानं तयार करतो. जस्त-६७ आणि आर्गॉन मिळून १०७, थेट चांदीच्या जागी. तांबं-६५ आणि आर्गॉन मिळून १०५, म्हणजे आपण दुरुस्तीसाठी घालणार असलेल्या पॅलेडियमच्या जागी. झिर्कोनियम-९१ आणि ऑक्सिजन मिळून पुन्हा १०७. म्हणून तांबं-जस्त आधी घालवायचंच.

सोपी रीत अशी: द्रावण सुकवा, विरळ नायट्रिक आम्लात घ्या, ताज्या ॲस्कॉर्बिक आम्लाचं (तेच ते क जीवनसत्त्व) द्रावण घाला. चांदी करड्या भुकटीच्या रूपात खाली बसते, तांबं वर द्रावणात राहतं. सेंट्रिफ्यूज करा, भुकटी दोन-तीनदा अतिशुद्ध पाण्याने धुवा, पुन्हा नायट्रिक आम्लात विरघळवा. तांबं जास्त असेल तर हे दोनदा. ऋणायन रेझिनच्या (ऋणभारित आयन धरून ठेवणाऱ्या मण्यांच्या) स्तंभानेही चांदी वेगळी होते, पण तिथे थोडी चांदी जरी मागे राहिली तरी समस्थानिक विभागले जातात.

म्हणूनच नियम एकच: वरचं द्रावण फेकण्याआधी त्यातली चांदी मोजा. एकूण चांदीच्या १ टक्क्याहून जास्त वर राहिली असेल तर तो नमुना पुन्हा पहिल्यापासून करा. साका अर्धवट बसला तर हलका आणि जड समस्थानिक सारख्या प्रमाणात बसत नाहीत, आणि त्यातून आलेला फरक खाणीखाणींतल्या फरकाएवढा असू शकतो. कुप्या काळ्या डब्यात ठेवा, काच टाळा. चांदी काचेला चिकटते.

शिशाचं काम त्यामानाने मळलेल्या वाटेचं: विरळ हायड्रोब्रोमिक आम्लात ऋणायन रेझिनवर शिसं धरतं, बाकी वाहून जातं. मात्र चांदीचा ब्रोमाइड साका होतो. तो आधी सेंट्रिफ्यूजने काढला नाही तर स्तंभ तुंबतो. मोजताना थॅलियम घालून दुरुस्ती, एसआरएम ९८१ हे मानक, आणि पारा-२०२ वर नजर, कारण पारा-२०४ शिसं-२०४ च्या जागी बसतो.

पायरी ६: यंत्रावर

यंत्र म्हणजे बहुसंग्राहक प्लाझ्मा वस्तुमान वर्णपटमापी. अहमदाबादची पीआरएल, हैदराबादची एनजीआरआय अशा संस्थांत ते आहे. वेळ मागताना पहिला प्रश्न विचारा: यंत्रातली चांदीची पार्श्वभूमी किती? चांदी नळ्यांत चिकटून बसते.

नमुना २ टक्के नायट्रिक आम्लात, चांदी २०० पीपीबीच्या (अब्जात २०० भागांच्या) आसपास, त्यात तेवढंच पॅलेडियम. यंत्र जड अणू जास्त पकडतं. पॅलेडियमची ज्ञात गुणोत्तरं पाहून ती चूक सुधारायची. मात्र कॅडमियम असेल तर १०६, १०८ आणि ११० वस्तुमानांवर गोंधळ होतो, म्हणून कॅडमियम-१११ वर सतत लक्ष ठेवा. मोजणी मानक-नमुना-मानक अशी एकाआड एक. नमुना आणि मानक यांच्या सांद्रतेत दहा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नको. मध्ये किमान पाच मिनिटं धुणं, आणि संकेत पार्श्वभूमीवर आल्याशिवाय पुढचा नमुना नाही.

चांगल्या दिवशी पुनरावृत्ती ०.०५ ते ०.१ एप्सिलॉनच्या आत येते. स्वतःची खरी चूक कळण्यासाठी मात्र एकाच नाण्याचा चुरा दोन भागांत करून, सुरुवातीपासून दोनदा, वेगळ्या दिवशी न्या. यंत्र दाखवतं ती चूक आणि ही चूक यांत बहुतेकदा दुसरी मोठी निघते. लेखात तीच छापा.

पायरी ७: आकडे वाचणं

आधी शिसं. ग्लोबालिड किंवा ऑक्सालिडसारख्या संग्रहातली खनिजांची मूल्यं घेऊन आलेख काढा, २०४ वर आधारलेली गुणोत्तरं वापरून. नाणी एकाच ढगात आहेत की दोन टोकांमधल्या सरळ रेषेवर? रेषा दिसली तर मिश्रण समजा, आणि तिची टोकं कुठे पोचतात ते पाहा. मग त्याच नाण्यांचा एप्सिलॉन घाला.

नहपानाच्या बाबतीत समजा शिसं १६ जवळ आलं आणि नाणी घट्ट गोळ्यात बसली, तर अरवलीचं पारडं जड. १८ च्या वर विखुरलेली आली तर पश्चिमेकडची चांदी, बहुधा अनेक हातांतून गाळलेली. शिसं अरवलीचं पण एप्सिलॉन दरिबा-अगुचाच्या खनिजाच्या पट्ट्याबाहेर, असं निघालं तर परकी चांदी स्थानिक शिशाने शुद्ध केल्याची शंका घ्या. रोमन देनारी वितळवण्याची खूण अशीच दिसेल. यासाठी त्या खनिजाचा एप्सिलॉन आधी हाताशी हवा. चांदीच्या खनिज-मूल्यांचा साठा शिशाच्या मानाने फार लहान आहे, म्हणून नाण्यांसोबत खाणीचे दोन-चार गॅलेना नमुने त्याच रीतीने, त्याच यंत्रावर मोजणं शहाणपणाचं.

सगळी नाणी शून्याजवळ आली तर घाईने ‘एकच खाण’ लिहू नका. अनेक खाणींची चांदी वर्षानुवर्षं गाळली गेली तरी सरासरी शून्याकडेच सरकते. तिथे शिशाचा विखुरलेपणा, सोन्याचं प्रमाण आणि बिस्मथ पाहूनच पुढचं वाक्य लिहा.

उरलेला चुरा आणि न वापरलेलं द्रावण नाण्याच्या नोंदणी क्रमांकासह संग्रहालयाकडे परत द्या, कुपीवर आम्लाची तीव्रता आणि तारीख घालून. पुढच्या माणसाला त्याच नाण्याला दुसरं भोक पाडावं लागू नये.